सरांनी तपासलेलं तेल

चपलांच्या दुकानावरचा तो हॉल एरवी लग्नाच्या स्वागत समारंभांना आणि लग्न मोडल्यावरच्या बैठकांना भाड्याने मिळायचा. अलीकडे मात्र तिथे आठवणबाबा बसत होते, आणि जिन्यावर सकाळपासून विसरभोळ्यांची रांग लागत होती. रांग विसरभोळ्यांची असल्यामुळे कोण कुणाच्या मागे होतं यावरून सतत वाद व्हायचे. काही जण तर आपण इथे कशासाठी उभे आहोत हे पुढच्याला विचारून खात्री करून घेत होते.

आत चमत्कार चालू होता. एका निवृत्त पोस्टमनला खुर्चीत बसवून बाबांच्या मदतनिसाने दहा वस्तूंची नावं भराभर म्हणून दाखवली. पोस्टमनला त्यातली तीन आठवली आणि चौथी त्याने पदरची घातली. मग बाबांनी वाटीतल्या तेलात बोट बुडवलं, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत ठिकठिकाणी टेकवलं, काहीबाही पुटपुटले, आणि पोस्टमनने दहाच्या दहा वस्तू घडाघडा म्हटल्या. मग उलट्या क्रमाने म्हटल्या. हॉलमध्ये उसासे पडले. एका बाईंना हुंदका आवरेना. त्या खरं तर खालच्या दुकानात चपलेचं माप बदलून घ्यायला आल्या होत्या.

"मेंदू म्हणजे काय हो?" बाबा विचारत होते. "बरणी. आठवणी कुठे जातात का? नाही. झाकण गंजतं. डॉक्टर काय करतो? बंद बरणीवर वरून गोळ्या मारतो. मारो बापडा. आम्ही झाकणाला तेल लावतो."

जिन्यावर, रांगेच्या शेपटाशी, कानटोपी, मफलर आणि काळा चष्मा घातलेला एक गृहस्थ उभा होता. दिवस उन्हाळ्याचे होते. त्यामुळे त्या वेषात तो जितका उठून दिसत होता, तितका उघड्याबोडक्या चेहऱ्याने दिसला नसता.

"सर, तुम्ही?" पुढचा इलेक्ट्रिशियन वळून म्हणाला.

सरांनी मफलर आणखी वर ओढला. पण खोकला काही मफलरमध्ये लपत नाही. खडूच्या धुळीने कमावलेला तो खोकला गावात चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने नववीच्या विज्ञानाच्या तासाला ऐकलेला होता. बघता बघता अर्धी रांग वळली. सर, या ना पुढे. सर, उभे काय राहताय. एकाने त्यांची पिशवी घेतली, एकाने कोपर धरलं, आणि ज्यांना कुणालाही दिसायचं नव्हतं ते सर सगळ्यांच्या हातांवरून हॉलच्या दारात येऊन पोचले. एकाही विद्यार्थ्याचं नाव त्यांना आठवलं नाही. प्रत्येकाला त्यांनी "अरे वा, तू" एवढंच म्हटलं.

इथे कशाला आलात, असं कुणीतरी विचारलंच. सरांनी आयुष्यभर लिंबाच्या रसाची अदृश्य अक्षरं दिव्यावर धरून वाचून दाखवली होती, भूत लागलेल्या विहिरीत स्वतः उतरून पंप दुरुस्त केला होता. त्या माणसाच्या तोंडून खरं उत्तर निघेना.

"तपासायला आलोय," सर म्हणाले.

रांग खूश झाली. आता मजा येणार होती.

खरं उत्तर असं होतं की सरांना भीती वाटत होती. पाठवायचं पार्सल घेऊन ते सायकलवरून पोस्टात गेले होते आणि दुसऱ्याच्या सायकलवर बसून पार्सलसकट परत आले होते. इथवर ठीक होतं. पण संध्याकाळी त्यांनी स्वतःची सायकल चोरीला गेल्याची तक्रार केली, आणि तक्रार करायला ते त्याच दुसऱ्याच्या सायकलवरून गेले. हवालदारही त्यांचाच विद्यार्थी असल्यामुळे प्रकरण मिटलं. पण घरी आल्यावर त्यांना आज गोळी घेतली की नाही हे आठवेना, आणि तिथे ते खरे घाबरले.

कारण गोळी साधी नव्हती. सरांना एचआयव्ही होऊन तेवीस वर्षं झाली होती. कसा झाला ते त्यांना आणि त्यांच्या बायकोला माहीत होतं, त्यावर व्हायचं तेवढं रडून आणि भांडून झालं होतं. बायकोची तपासणी वेळोवेळी होई आणि तिचा अहवाल दर वेळी चांगला येई. सरांच्या रक्तात विषाणू शोधायला गेलेलं यंत्रही वर्षानुवर्षं हात हलवत परत येत होतं. गोळ्या एका रिकाम्या खडूच्या खोक्यात असत आणि घरात त्यांना खडूच म्हणत. "अहो, खडू घेतलात का?" असं बायकोने पाहुण्यांदेखत विचारलं तरी कुणाला काही वाटत नसे. मास्तरांचं घर, खडू असणारच.

औषधं मिळायची ती दोन बस बदलून जावं लागणाऱ्या दवाखान्यात. तिथल्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांचा एक न सांगता ठरलेला नियम होता. दाराबाहेर पडलं की कुणी कुणाला ओळखायचं नाही. सरांच्या शेजारच्या खुर्चीवर कितीतरी वर्षं एक कंडक्टरबाई बसायच्या. आत त्या आपल्या गुडघ्यांविषयी, सुनेविषयी भरभरून बोलत. बाहेर, त्यांच्याच बसमध्ये, त्या सरांना तिकीट देत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नसे, आणि सर खिडकीबाहेर बघत. विसरल्याचं सोंग वठवण्यात त्या खोलीतला प्रत्येक जण तरबेज होता. आता सोंग खरं व्हायला लागलं तेव्हा सरांना वाटलं, विषाणू शेवटी डोक्यात चढला. तेवीस वर्षं वाट बघत होता.

हे डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं होतं. पण त्या दर वेळी नव्या पेशंटना सरांकडे बोट दाखवून म्हणत, हे बघा, असं राहायचं. मग "कसं चाललंय?" या प्रश्नाला सर "उत्तम" म्हणत. आदर्श विद्यार्थ्याला एकदा ती सवय लागली की पोटात दुखत असतानाही तो हात वर करत नाही.

तर सर आत गेले. बाबा दाढीवाले, अंगाने भरलेले, गुबगुबीत गादीवर मांडी घालून बसलेले होते. सरांना दारात बघताच ते एकदम अर्धवट उठले. मग बहुधा गादी सरकवायचीच होती असं दाखवत पुन्हा बसले.

मदतनिसाने भराभर दहा वस्तू म्हटल्या. सरांना चार आठवल्या. हॉलमध्ये कुणीतरी "अरेरे" केलं आणि सरांच्या कानटोपीच्या आत घामाची धार सुटली. मग बाबा तेलाचं बोट घेऊन आले आणि हळूहळू, एकेका जागी थांबत, बोलू लागले. सर, डोक्यावर पेटता कंदील ठेवलाय, केस करपतायत, येतोय वास? सर म्हणाले, येतोय. कपाळावर घड्याळ ठोकलंय, टिकटिक ऐकू येते? येते. डोळ्यांच्या जागी दोन बटणं शिवलीत. नाकात चमचा अडकलाय. असं करत करत स्वारी गुडघ्यांपर्यंत आली, तिथे कात्र्या कचकच चालत होत्या.

"आता म्हणा, सर."

सरांनी म्हटलं. सगळं. मग उलटं म्हटलं. मग बाबांनी मधलीच सातवी वस्तू विचारली, तीही सांगितली. सगळे विद्यार्थी सरांच्या तोंडाकडे बघत होते, आता सर ह्याची फजिती करणार म्हणून. जे दिसलं ते सांगायचं, आवडलं नाही तरी सांगायचं, हे सरांनी चाळीस वर्षं शिकवलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"झालं खरं," सर म्हणाले. "मला आठवलं."

पुढे ते "पण अजून तपासावं लागेल" असंही म्हणाले, मात्र ते टाळ्यांत बुडालं. दुसऱ्या दिवशी हॉलच्या दारावर नवा फलक लागला. त्यावर बाटलीचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, सरांनी तपासलेलं तेल.

तपासणीच्या दिवशीच पडद्यामागे बाबांनी सरांना एकट्याला बसवून विचारलं, गोळ्या कसल्या घेता? आणि सरांनी सांगून टाकलं. तेवीस वर्षांत डॉक्टर आणि बायको सोडून पहिल्यांदा कुणाला तरी. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं, ते त्यांनी तेलाच्या खात्यावर मांडलं. बाबा म्हणाले, सगळ्या गोळ्या बंद. गोळ्यांचाच गंज आहे.

सरांनी सगळ्या बंद केल्या. आणि आठवडाभरात डोक्यातलं धुकं खरोखर विरलं. सकाळी उठलं की जग स्वच्छ दिसायचं. सायकल स्वतःचीच परत यायची. पेपरमधलं कोडं सुटायचं. सर बाथरूममध्ये गुणगुणू लागले.

बायकोला गुणगुणणं ऐकू आलं आणि तिने खडूचं खोकं उघडलं.

"अहो," ती म्हणाली, "खडू संपत कसे नाहीत?"

सरांनी सांगितलं. बायकोने त्यांना स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं, नळाखाली बोट ओलं केलं आणि त्यांच्या टाळूवर टेकवलं. डोक्यावर कुकर आहे, शिट्टी होतेय. कपाळाला फडकं चिकटलंय, ओलं आहे, शिळा वास येतोय. डोळ्यांत दोन बशा. नाकात लायटर. सर तिच्या आवाजामागून चालत गुडघ्यांपर्यंत गेले आणि तिने म्हणायला सांगितल्यावर दहाही वस्तू त्यांनी उलटसुलट म्हटल्या.

"हे नळाचं पाणी होतं," बायको म्हणाली.

"तुला हे कुणी शिकवलं?"

"तुम्ही. इतकी वर्षं संध्याकाळी बाहेरच्या खोलीत शिकवणीच्या पोरांना काय शिकवत होतात? डोक्यावर हायड्रोजनचा फुगा. कपाळावर सूर्य, कारण हेलियम आधी सूर्यात सापडला. डोळ्यांत लिथियमच्या बॅटऱ्या. गळ्यात कोळशाची माळ, तो कार्बन. छातीत ऑक्सिजन. गुडघ्यांत निऑनचे दिवे. मी भिंतीपलीकडे भांडी घासत होते. शाळेत मी विज्ञानात नापास झाले, पण तुमची दहा मूलद्रव्यं मला झोपेतसुद्धा येतात."

सर स्टुलावरच बसून राहिले. टाळूवरून पाण्याचा एक थेंब ओघळून नाकाच्या शेंड्याशी आला, तोही त्यांनी पुसला नाही. आपल्याच धड्याने आपण फसलो होतो, आणि धडा आपला होता हेच आपण विसरलो होतो. एवढी लाज त्यांना आजार कळला त्या दिवशीही वाटली नव्हती.

"पण धुकं गेलं ना," ते पुटपुटले. "ते तर खरंच गेलं."

"ते मला नाही कळत," बायको म्हणाली. "ज्यांना कळतं त्यांच्याकडे चला."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, त्यामुळे सरांना जास्तच ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी एकच विचारलं. सगळ्या गोळ्या बंद केल्या म्हणजे कुठल्या कुठल्या? सरांनी मोजल्या. इथली, रक्तदाबाची, आणि रात्रीची ती सर्दीची.

"तुम्हाला सर्दी आहे?"

सर्दी नव्हती. दोन वर्षांपूर्वी होती. तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या गोळीने छान झोप लागली, म्हणून सर्दी गेल्यावरही गोळी राहिली. औषधवाल्याला दुसऱ्या गोळ्यांचं माहीत नव्हतं, कारण त्याला सांगायची लाज वाटत होती. डॉक्टरांना सर्दीच्या गोळीचं माहीत नव्हतं, कारण सगळं उत्तम होतं.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. त्या म्हणाल्या, सर्दीच्या त्या जुन्या धाटणीच्या गोळ्या झापड आणतात, आणि साठी उलटलेल्या माणसाच्या डोक्यावर तर दुसऱ्या दिवशीही गोधडी टाकून ठेवतात. तुमचं धुकं गेलं ते ती गोळी सुटली म्हणून. तेल लावलं नसतं तरी गेलं असतं. आणि तिच्याबरोबर तुम्ही ज्या दोन सोडल्यात, त्या तुमचा मेंदू सांभाळत होत्या.

मग त्यांनी नीट समजावलं. हा विषाणू लवकरच मेंदूपर्यंतही पोचतो, म्हणून तर त्याला दाबून ठेवायचं. औषध चालू असेल तर माणसं म्हातारी होतात, सत्तरी-ऐंशी गाठतात, आणि म्हातारपणाबरोबर म्हातारपणाच्या तक्रारीही येतात. थोडं विसरणं वयाचं असतं, थोडं या आजाराचं असू शकतं, थोडं रक्तदाबाचं, अपुऱ्या झोपेचं, मनात कुढत राहण्याचं, माणसं टाळण्याचं. कुठलं किती ते तपासून कळतं, आणि त्यातलं बरंचसं सुधारता येतं. पण त्यासाठी तोंड उघडावं लागतं.

"मीही कधी विचारलं नाही, आठवण कशी आहे म्हणून," त्या म्हणाल्या. "रक्ताचा अहवाल चांगला दिसला की मी पुढच्या पेशंटकडे वळत होते. ती माझी चूक. आणि सर, तुम्ही एकटे नाही. या महिन्यात आमचे काही जण औषध न्यायलाच आलेले नाहीत. कुणी मोठ्या विद्वानाने तपासलेलं तेल मिळालंय म्हणे."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तो विद्वान मीच," ते म्हणाले.

बाहेर येताना त्यांनी खुर्च्यांकडे पाहिलं. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

कंडक्टरबाईंची बस त्यांना माहीत होती. ते थांब्यावर तीन गाड्या सोडून तिच्यात चढले, शेवटच्या सीटवर बसले आणि बाई तिकीट द्यायला आल्या तेव्हा त्यांनी तेवीस वर्षांचा नियम मोडला. म्हणजे खिडकीबाहेर बघितलं नाही.

"बाई, गोळ्या सोडल्यात का?"

बाईंचा हात तिकिटावर थांबला. त्यांनी आधी मागेपुढे पाहिलं. "सर, मला तेलाबिलावर विश्वास नाही," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "पण तुम्ही तिथे सगळ्यांसमोर खरं आहे म्हणालात. मी दाराशी उभी होते. म्हटलं, ह्यांना तर आपलाच आजार आहे. ते कशाला खोटं बोलतील?"

सरांनी घाईघाईने सगळं सांगितलं. नळाचं पाणी, सर्दीची गोळी, रिकामी खुर्ची. आजच्या आज सुरू करा म्हणाले. मधेच एक बाप्या उतरला, बाईंनी घंटी मारली, पुन्हा आल्या.

"सर, तिथे मोठ्याने बोललात आणि इथे कानात सांगताय," बाई म्हणाल्या. "मी कुठलं खरं धरू? खोटं आहे ना, मग तिथेच सांगा. मी दाराशी उभी राहीन."

आणि तिकीट फाडून त्या पुढे गेल्या. सुटे पैसे त्यांनी बरोब्बर दिले होते.

रविवारी हॉल खच्चून भरला होता. सर या वेळी कानटोपीशिवाय आले, त्यामुळे बऱ्याच जणांनी त्यांना लगेच ओळखलं नाही. दाराशी कंडक्टरबाई साध्या साडीत भिंतीला टेकून उभ्या होत्या. बाबांनी "या, या, आमचे परीक्षक आले" म्हणत स्वागत केलं. सर थेट मधोमध गेले.

"मी इथे चुकीचं सांगितलं होतं," ते म्हणाले. "आज दुरुस्त करायला आलोय. सगळ्यांनी डोळे मिटा. तेल लागणार नाही, बोटही लागणार नाही."

वर्गावर कमावलेला आवाज होता. डोळे मिटले गेले. सरांनी सावकाश, एकेका जागी थांबत, सगळ्या हॉलच्या डोक्यावर दूध उतू घालवलं, कपाळावर शिक्का मारला, डोळ्यांत गोट्या बसवल्या, नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला, आणि असेच गुडघ्यांपर्यंत गेले. मग म्हणा म्हणाले. सबंध हॉलने दहा वस्तू एका सुरात म्हटल्या. चपलेचं माप बदलायला आलेल्या बाई आजही आल्या होत्या, त्यांनी तर उलट्याही म्हटल्या.

मग सरांनी सांगितलं. पहिल्यांदा नावं भराभर म्हणतात, मनात काही उभं राहायच्या आत पुढचं नाव येतं. म्हणून तीन-चारच राहतात. दुसऱ्यांदा सावकाश म्हणतात आणि प्रत्येक वस्तू अंगावर एकेका खुंटीला टांगतात. आपलं अंग कुणी विसरत नाही, म्हणून वस्तूही विसरत नाही. ही युक्ती चांगली आहे, घरी मुलांना शिकवा. पण ती तेलात नाही. ज्याला आठवलं त्याचीच ती आठवण होती. आणि हिच्यामुळे दहा वस्तू लक्षात राहतात, आजार बरा होत नाही.

हॉलमध्ये कुजबुज झाली. बाबा गालातल्या गालात हसत होते.

"पण सर, तुमचं डोकं तर बरं झालं ना?" ते म्हणाले. "सायकल आता चुकत नाही म्हणता. गोळ्या सोडल्यावरच झालं ना हे? मग कसल्या गोळ्या होत्या त्या, ते सांगा की सगळ्यांना. का मी सांगू?"

हॉल सरांकडे बघत होता. इलेक्ट्रिशियन, हवालदार, पोस्टमन. यांच्यापैकी प्रत्येकाच्या वहीवर त्यांनी कधी ना कधी लाल शाईने लिहिलं होतं, उत्तर पूर्ण लिहा. त्यांनी दाराकडे पाहिलं. कंडक्टरबाईंनी नजर खाली घातली नव्हती.

"मीच सांगतो," सर म्हणाले. "मला एचआयव्ही आहे. तेवीस वर्षं झाली. त्या गोळीवर मी जिवंत आहे. डोकं सुधारलं ते सर्दीची एक गोळी सुटली म्हणून. मी ती झोपेसाठी डॉक्टरांना न विचारता खात होतो, आणि लाजेपायी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. पण तिच्याबरोबर मी जगवणारी गोळीही सोडली. दवाखान्यात रक्त तपासलं, त्यात विषाणू पुन्हा दिसू लागलाय. मी दवाखान्यात गेलो त्याच दिवसापासून गोळी पुन्हा सुरू केली. माझं ऐकून ज्यांनी कुठलीही गोळी सोडली असेल, रक्तदाबाची, साखरेची, माझ्यासारखी, त्यांनी उद्या डॉक्टरकडे जावं. माझं ऐकू नका, त्यांनाही विचारा की असं का. उत्तर पटेपर्यंत विचारा."

एक खुर्ची करकरली. पुढच्या रांगेतला एक जण उठून मागे जाऊन बसला. सरांना ते दिसलं. दिसणार नाही अशी त्यांनी आशा केली होती.

"बघा," बाबा हॉलकडे वळून म्हणाले, "असला माणूस आमची परीक्षा घेणार."

तो हेल सरांच्या ओळखीचा होता. चेहरा काही केल्या आठवेना. पण धडा जर माझ्या वर्गातला, असा सरांनी विचार केला, तर चोरणारा कुठे बसत असेल? आणि त्या दिवशी मला बघून गादीवरून अर्धवट उठलं कोण? चेहरा आठवायची गरजच नव्हती. प्रयोग करून बघता येण्यासारखं होतं.

"शेवटच्या बाकावरचा," सर कडाडले, "उभा राहा."

आठवणबाबा ताडकन उभे राहिले. त्यांच्याबरोबर हॉलमधले आणखी अकरा जण उभे राहिले, पण ते हळूच बसले.

"सहावं मूलद्रव्य?"

"कार्बन, सर."

"कुठे आहे?"

"गळ्यात, सर. कोळशाची माळ."

बोलून झाल्यावर बाबांच्या लक्षात आलं. हात आपोआप पाठीमागे बांधले गेले होते, ते त्यांनी सोडवले, पण आता त्यांचं काय करावं ते त्यांना सुचेना. हॉलमध्ये आधी कुणी हसलं नाही. मग पोस्टमन हसला, आणि मग कुणाला आवरेना. सर हसले नाहीत. हा पोरगा नववीत तीन वर्षं होता हे त्यांना आत्ता आठवलं होतं. पाठांतराची ही युक्ती त्यांनी त्याच्यासाठीच शोधून काढली होती.

बाबा त्याच आठवड्यात गाव सोडून गेले. फलक राहिला, कारण भाडं पुढच्या महिन्यापर्यंत दिलेलं होतं. हॉलमध्ये आता गुडघेवाले कुणी महाराज येणार असल्याचं ऐकू येतं. सर मात्र तिथे तपासायला गेले नाहीत. नेहमीच्या सलूनमध्ये त्यांच्यासाठी वेगळा टॉवेल काढला गेला, तेव्हा ते न्हाव्याला समजावू लागले, की हा आजार टॉवेलमधून लागत नाही. न्हाव्याने ऐकलं. टॉवेल वेगळाच राहिला. पुढच्या वेळी सर पुन्हा समजावणार आहेत.

महिन्याने ते दवाखान्यात गेले. डोक्याची तपासणी झाली होती, पुन्हा सहा महिन्यांनी होणार होती. डॉक्टरीणबाईंनी रोज चालायला, वेळेवर झोपायला, रक्तदाब सांभाळायला आणि माणसांत बसायला सांगितलं होतं. बारीकसारीक विसरणं अजून होतंच. आदल्याच दिवशी ते छत्री बसमध्ये विसरून आले होते.

खुर्च्यांवर नेहमीची माणसं नेहमीसारखी जमिनीकडे बघत बसली होती. सर उभेच राहिले आणि खाकरले.

"विसरायला होत असेल तर आत गेल्यावर सांगा," ते म्हणाले. "दुसरी कुठली गोळी चालू असेल तर तीही सांगा. लाज वाटेल. मला अजून वाटते. सांगून झाल्यावरही वाटतेच, पण तोवर औषध बरोबर मिळालेलं असतं."

एकाने मान वर केली, एवढंच. मग शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली गेली आणि त्यांच्यासाठी जागा झाली. पिशवीत औषधाची बाटली खुळखुळली, आणि पिशवीच्या बंदात सरांची छत्री अडकवलेली होती.

"गाडीत राहिली होती," कंडक्टरबाई म्हणाल्या. त्या मोठ्याने बोलल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा. "ओळखलंत ना, सर?"

"ओळखलं," सर म्हणाले, आणि बसले.